प्रशिक्षणात ऑडिओ वाजवायचा आहे? कोणता फॉरमॅट घ्यावा, टप्प्याटप्प्याने

मी बचत गटांच्या महिलांना हिशेब लिहायला शिकवते. बैठकीतला संवाद ऐकवायचा आणि ऐकून नोंदवहीत नोंद करायला लावायची, ही माझी पद्धत. वहीवरून वही उतरवण्यापेक्षा कानानं ऐकून लिहिलेली नोंद डोक्यात पक्की बसते, असा माझा अनुभव आहे.

सुरुवातीच्या एका वर्गात मी एक क्लिप वाजवली. तिच्यात सचिव म्हणते, ‘आज सात जणींनी प्रत्येकी साठ रुपये बचत भरली.’ एकूण रक्कम लिहायची होती, उत्तर ४२०. कागद गोळा केले तर बऱ्याच कागदांवर ४९ आणि दोघी-तिघींच्या कागदावर ३६००. मला वाटलं गुणाकार कच्चा आहे. फळ्यावर वीस मिनिटं गुणाकार घेतला. मग मागच्या रांगेतल्या एक वयस्कर ताई म्हणाल्या, “ताई, गुणाकार येतो आम्हाला. ती बाई सात म्हणली का साठ, तेवढंच कळंना.”

क्लिप पुन्हा वाजवली, आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. दोन्ही शब्द एकसारखे ऐकू येत होते. एका जुन्या फोनवर रेकॉर्ड केलेली ती फाइल एएमआर फॉरमॅटमध्ये होती (फॉरमॅट म्हणजे आवाज फाइलीत साठवण्याची पद्धत), आणि कानाशी धरलेल्या फोनवर मला ती ठीक वाटली होती. त्या दिवसापासून मी फॉरमॅटचा विषय मनावर घेतला. तुम्ही आरोग्याचं, शेतीचं, शिक्षकांचं, कुठलंही प्रशिक्षण घेत असाल आणि त्यात ऑडिओ वाजवणार असाल, तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी आहेत. ध्वनितंत्र शिकलेलं असण्याची गरज नाही.

हाताशी काय काय लागेल

- रेकॉर्डिंगसाठी स्मार्टफोन आणि त्यात वेव्ह फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करू देणारं एखादं मोफत ॲप
- लॅपटॉप किंवा संगणक, त्यावर आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी आणि फाइली वाजवायचं व्हीएलसी (दोन्ही मोफत)
- ३२ जीबी किंवा त्याहून लहान असे दोन पेनड्राइव्ह
- पेनड्राइव्ह लागेल असा, चार्जिंगवर चालणारा स्पीकर
- फोन किंवा लॅपटॉप थेट स्पीकरला जोडणारी ३.५ मिमी पिनेची ऑक्स केबल. सभागृहात वर्ग होणार असेल तर एका बाजूला ३.५ मिमी आणि दुसऱ्या बाजूला दोन सुट्या जाड पिना असलेली केबलसुद्धा
- ज्यांचा आवाज रेकॉर्ड केला त्यांची लेखी परवानगी

शेवटची ओळ बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खऱ्या बैठकीचं रेकॉर्डिंग असेल तर त्यात कुणाचं कर्ज किती, कुणाचा हप्ता थकला, हे नावानिशी असतं. ते दुसऱ्या गावात वाजवायचं नाही. मी संवाद लिहून घेते, बनावट नावं घालते आणि गटातल्याच दोघी-तिघींकडून वाचून घेते. बोली खरी राहते आणि कुणाचं गुपित बाहेर जात नाही.

१. आधी खोली आणि यंत्र बघा, फॉरमॅट नंतर

नवखे लोक विचारतात, ‘सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता?’ आवाज कुठून बाहेर पडणार आहे, हे ठरल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. अंगणवाडीच्या खोलीत पेनड्राइव्हचा स्पीकर, तालुक्याच्या सभागृहात ॲम्प्लिफायर, घरी प्रशिक्षणार्थीचा कीपॅड फोन, कुणाकडे लॅपटॉपवरची स्लाइड. प्रत्येकाची भूक वेगळी आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे एक फोन. जिथे वर्ग आहे तिथल्या माणसाला विचारा: स्पीकर कोणता आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो का, की फक्त ब्लूटूथ आहे? वीज दुपारी जाते का? खोली पत्र्याची आहे की स्लॅबची? पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की कुठलाही फॉरमॅट कामाचा नाही, त्या दिवसासाठी संवाद छापून जवळ ठेवा.

२. फॉरमॅटची ओळख, कामापुरती

वेव्ह. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांनी १९९१ मध्ये आणलेला. यात आवाज सहसा न दाबता, जसाच्या तसा साठवतात. सीडीच्या दर्जाचा, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने), १६ बिट, स्टिरिओ (डावा-उजवा असे दोन आवाज) एका मिनिटाला साधारण १०.६ एमबी जागा घेतो. मोनो (एकच आवाज) केला की त्याच्या निम्मी, ५.३ एमबी. जागा जास्त खातो, पण कितीही वेळा कापा-जोडा, आवाज झिजत नाही.

फ्लॅक. २००१ पासून आहे. वेव्हमधली काहीही माहिती न गमावता फाइल साधारण निम्म्यावर आणतो. साठवणीला उत्तम. स्वस्त स्पीकर मात्र तो बहुतेक वेळा वाजवत नाहीत.

एमपीथ्री. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत यावर मोठं काम झालं, आणि फाइलच्या नावाच्या शेवटी येणारी ‘.mp3’ ही शेपटी १९९५ मध्ये ठरली. माणसाच्या कानाला जे फारसं जाणवत नाही ते काढून टाकून तो फाइल लहान करतो. त्याचा पेटंट-परवान्याचा कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला, त्यामुळे आता कुणाच्या परवानगीचा प्रश्नही उरला नाही. रस्त्यावर मिळणाऱ्या स्पीकरपासून कीपॅड फोनपर्यंत सगळीकडे चालतो.

एमफोरए. बऱ्याच स्मार्टफोनचे रेकॉर्डर हाच देतात, आयफोनचासुद्धा. ही खरं तर एक पेटी आहे, तिच्या आत बहुधा एएसी पद्धतीनं दाबलेला आवाज असतो. तेवढ्याच आकारात एमपीथ्रीपेक्षा थोडा बरा. लॅपटॉप आणि स्मार्टफोनवर चालतो, स्वस्त स्पीकरवर भरवसा नाही.

ओपस. २०१२ मध्ये इंटरनेटसाठी प्रमाण म्हणून मान्य झाला. व्हॉट्सॲपवर माइकचं बटण दाबून पाठवलेला आवाज याच फॉरमॅटमध्ये असतो. अगदी लहान फाइलमध्ये बोलणं स्पष्ट ठेवण्यात हा फार पुढे आहे. पण पेनड्राइव्हवर टाकलात तर बहुतेक स्पीकर गप्प बसतात.

एएमआर. मोबाइलवरच्या बोलण्यासाठी केलेला. जुने फोन आणि काही कॉल रेकॉर्डर हाच देतात. प्रशिक्षणासाठी तो नकोच, आणि का नको ते नीट समजून घ्या, कारण माझ्या ४९ आणि ३६०० चं मूळ तिथेच आहे.

आवाज साठवताना सेकंदाला जितके नमुने घेतात त्याच्या निम्म्यापर्यंतचीच वारंवारता (आवाज किती बारीक किंवा जाड ते) त्यात टिकते. नेहमीच्या एएमआरमध्ये सेकंदाला ८,००० नमुने घेतात, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. स्वर त्याच्या खाली असतात, त्यामुळे माणूस कोण बोलतंय ते कळतं, वाक्याचा सूर कळतो. पण ‘स’ची शीळ, ‘त’चा लहानसा फटका, ‘ठ’मागचा श्वास, या खुणांचा मोठा भाग वरच्या वारंवारतेत असतो. तो गेला की ‘सात’ आणि ‘साठ’ जवळ येतात. मराठीत असे शब्द कितीतरी आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, लिहायला एकच, फरक फक्त ‘ज’च्या उच्चारात. समोरासमोर बोलताना ओठ दिसतात, संदर्भ असतो, म्हणून चालून जातं. हिशेबाच्या आकड्याला संदर्भ नसतो. तो ऐकू आला तर आला.

३. मूळ रेकॉर्डिंग वेव्हमध्ये करा आणि ते कधीही मोडू नका

फोनमध्ये वेव्ह, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशी सेटिंग लावा. बारा मिनिटांचा संवाद साधारण ६४ एमबी होतो. आजच्या फोनला ते ओझं नाही. वेव्ह देणारं ॲप मिळालंच नाही तर एमफोरएमध्ये सगळ्यात वरच्या दर्जाची सेटिंग निवडा.

रेकॉर्डिंगसाठी स्टुडिओ लागत नाही. घरातली सर्वात लहान खोली घ्या, पंखा बंद करा, भिंतीला आणि टेबलावर गोधड्या टाका. गोधडी आवाजाची घुमी चांगली पिते. फोन विमान मोडवर टाका आणि तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फुंकर थेट माइकवर बसत नाही. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन जाऊ द्या. सुरुवातीला पाच सेकंद कुणीही बोलू नका. ती शांतता नंतर कामाला येते: ऑडॅसिटीच्या ‘नॉइज रिडक्शन’ला खोलीची घरघर ओळखायला तेवढा तुकडा लागतो. हे साधन हलक्या हातानं वापरा. जास्त वापरलं तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि पुन्हा त्याच ‘स’ आणि ‘ठ’चा बळी जातो.

इथली चूक: एमपीथ्री फाइल उघडायची, थोडं कापायचं, पुन्हा एमपीथ्री म्हणून साठवायची, पुढच्या महिन्यात पुन्हा उघडायची. दर वेळी फाइल नव्यानं दाबली जाते आणि थोडं थोडं हरवतं. कापाकापी नेहमी मूळ वेव्हवर करा आणि एमपीथ्री शेवटी एकदाच काढा. मूळ फाइलीची एक प्रत लॅपटॉपवर आणि एक वेगळ्या डिस्कवर ठेवा. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक करून ठेवा.

४. वर्गासाठी एमपीथ्री काढा: मोनो, ६४ किलोबिट, ४४.१ किलोहर्ट्झ

माझा निर्णय सरळ सांगते. बोलण्यासाठी एमपीथ्री, मोनो, सेकंदाला ६४ किलोबिट (एका सेकंदाच्या आवाजाला फाइलीत मिळणारी जागा, हाच दर), एकसारखा दर. ओवी, गाणं किंवा पार्श्वसंगीत असेल तर स्टिरिओ आणि १२८ किलोबिट. याच्या खाली जाऊ नका. ३२ किलोबिटला ‘श’ आणि ‘स’ पुन्हा चिकटायला लागतात, मी ऐकून बघितलं आहे. आणि याच्या वर गेल्यानं बोलण्यात काही भर पडत नाही.

मोनो का? बोलणाऱ्याचं तोंड एकच असतं. स्टिरिओत तोच आवाज दोनदा साठवला जातो, आणि दराची वाटणी दोघांत होते. मोनोत सगळा दर एकाच आवाजाच्या वाट्याला येतो. ६४ किलोबिटला एका मिनिटाला साधारण अर्धा एमबी लागतो. बारा मिनिटांचा तो ६४ एमबीचा संवाद सहा एमबीच्या आत बसतो.

ऑडॅसिटीत असं करा: फाइल उघडा, सुरुवात आणि शेवट छाटा, ‘नॉर्मलाइज’नं आवाजाची सर्वांत उंच जागा उणे १ डेसिबलवर आणा. मग ‘एक्स्पोर्ट ऑडिओ’मध्ये फॉरमॅट एमपीथ्री, चॅनेल मोनो, सॅम्पल रेट ४४१००, बिट रेट मोड ‘कॉन्स्टंट’ आणि दर ६४. नव्या आवृत्त्यांत एमपीथ्री काढायला वेगळं काही टाकावं लागत नाही. फोनची एमफोरए फाइल विंडोजवर उघडत नसेल तर एफएफएमपेग नावाचं मोफत जोडसाधन टाकावं लागतं. ते जमत नसेल तर व्हीएलसीच्या ‘कन्व्हर्ट’नं आधी वेव्ह करून घ्या.

दर एकसारखा ठेवायला सांगते त्याला कारण आहे. बदलत्या दराच्या फाइली लॅपटॉपवर उत्तम चालतात, पण स्वस्त स्पीकर आणि जुने फोन त्यांची वेळ चुकीची दाखवतात, आणि मागे-पुढे करताना भलत्याच जागी उडी मारतात. वर्गात ‘ते वाक्य परत लावा’ असं चार वेळा ऐकायला मिळतं. तेव्हा बरोबर जागी परत जाता आलं पाहिजे.

इथली चूक: फाइलच्या नावाची शेपटी बदलली म्हणजे फॉरमॅट बदलला असं समजणं. ओपस फाइलला एमपीथ्री नाव दिलं तरी आत ओपसच राहतो, आणि स्पीकर ती सोडून पुढे जातो. विंडोजमध्ये शेपटी लपवलेली असते, ती ‘व्ह्यू’मधून आधी दिसती करून घ्या. दुसरी चूक म्हणजे कुठल्याही संकेतस्थळावर फाइल चढवून ती बदलून घेणं. आपल्या महिलांचा आवाज अनोळखी संगणकावर जातो. ऑडॅसिटी आणि व्हीएलसी हे काम नेट बंद असतानाही करतात.

५. पेनड्राइव्ह तयार करणे

निम्मे घोटाळे या टप्प्यावर होतात, म्हणून इथे जरा थांबते.

बचत गटाची पंचसूत्री पाच गोष्टींची: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. मी प्रत्येकीची वेगळी क्लिप केली होती, नावंही मराठीत, छान दिली होती. स्पीकरला लावलं तर पहिली वाजली परतफेडीची. ज्यांनी अजून कर्ज घेतलं नव्हतं त्यांना हप्ता भरायला सांगणारा संवाद. स्पीकरला पडदा नव्हता, त्यामुळे पुढची कोणती ते कळेना. बटण दाबत दाबत पाचही क्लिपांची सुरुवात ऐकवावी लागली.

कारण असं: बरेच स्वस्त स्पीकर फाइलचं नाव वाचतच नाहीत. ज्या क्रमानं फाइली पेनड्राइव्हवर लिहिल्या गेल्या त्याच क्रमानं ते वाजवतात. म्हणून:

- पेनड्राइव्ह ‘फॅट-३२’ पद्धतीनं फॉरमॅट करा. एनटीएफएस आणि एक्सफॅट पद्धतीचे ड्राइव्ह कितीतरी स्पीकरना दिसतच नाहीत. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीपर्यंतच फॅट-३२ सुचवते, म्हणूनच वर लहान ड्राइव्ह घ्यायला सांगितलं. फॉरमॅट केल्यावर आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.
- फाइलीचं नाव इंग्रजी लिपीत आणि लहान ठेवा, सुरुवातीला इंग्रजी आकड्यांत शून्य-एक, शून्य-दोन असा क्रम. मराठी नावं छोट्या पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन येतात.
- सगळ्या फाइली एकदम निवडून टाकू नका. रिकाम्या ड्राइव्हवर पहिली टाका, ती गेली की दुसरी, मग तिसरी.
- मधली एखादी फाइल बदलायची झाली तर सगळं पुसून पहिल्यापासून टाका. नुसती ती बदलली तर ती शेवटी जाऊन बसू शकते.
- मॅकवरून कॉपी केलं असेल तर ड्राइव्हवर काही लपलेल्या फाइली तयार होतात. स्पीकर त्यांनाही गाणं समजतो आणि मध्ये मध्ये मुका होतो. त्या विंडोजवर जाऊन पुसा.
- ‘इजेक्ट’ करूनच ड्राइव्ह काढा.

क्लिप तीन-चार मिनिटांपेक्षा मोठी करू नका. एकाच वीस मिनिटांच्या फाइलीत हवी ती जागा शोधणं बटणांच्या स्पीकरवर फार जिकिरीचं असतं. एका मुद्द्याला एक फाइल. वर्गात दृष्टिहीन प्रशिक्षणार्थी असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण त्यांना पुढे-मागे जाण्यासाठी क्लिपची हद्द हीच खूण असते. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला तिचा क्रमांक आणि नाव बोलून ठेवा.

६. ब्लूटूथ: शेवटचा पर्याय

ब्लूटूथवरून आवाज पाठवताना फोन तो नव्यानं दाबतो. त्यामुळे फ्लॅक किंवा वेव्ह लावून काही हाती लागत नाही, ६४ किलोबिटची एमपीथ्रीच लावा. मुख्य अडचण वेगळीच आहे. मध्येच फोन आला की रिंग पूर्ण खोलीला ऐकू येते, आणि शेजारच्या खोलीतला कुणीतरी त्याच स्पीकरला जोडला जातो. ब्लूटूथ वापरणारच असाल तर आधी विमान मोड लावा, मग फक्त ब्लूटूथ चालू करा. ऑक्स केबल जवळ असेल तर तीच लावा.

७. सभागृहाचा ॲम्प्लिफायर

एका मोठ्या मेळाव्यात माझी क्लिप लावली, तर मागचं संगीत व्यवस्थित ऐकू येत होतं आणि बोलणं नाहीसं. पूर्ण गायब नाही, लांबच्या विहिरीतून आल्यासारखं. फाइल बिघडली असं समजून मी दुसरा पेनड्राइव्ह शोधत होते. साउंडवाल्या दादांनी केबल हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, “फाइल बरोबर आहे ताई, केबल चुकीची आहे.”

मी स्टिरिओ पिनेपासून थेट तीन पिनांच्या माइक-जोडणीत जाणारी तयार केबल आणली होती. त्या जोडणीत ॲम्प्लिफायर दोन तारांवरच्या आवाजातला फरक घेतो. माइकसाठी हे बरोबर आहे, वाटेत शिरलेली घरघर त्यानं निघून जाते. पण फोनच्या डाव्या आणि उजव्या तारेवर बोलणाऱ्याचा आवाज सारखाच असतो, आणि सारख्यातून सारखं वजा केलं की काही उरत नाही. संगीत दोन्ही बाजूंना थोडं वेगळं होतं, म्हणून तेवढं वाचलं. फाइल मोनो केली तरी हा प्रश्न सुटत नाही, उलट बिघडतो, कारण फोन एकच आवाज दोन्ही तारांवर पाठवतो.

उपाय दोन. ॲम्प्लिफायरला ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ असं लिहिलेली लाल-पांढरी छिद्रं असतील तर त्यांच्यासाठीची केबल वापरा. ती नसतील तर एका बाजूला दोन सुट्या जाड पिना असलेली केबल घ्या आणि त्यातली एकच पिन माइकच्या छिद्रात लावा. माइकचं छिद्र फार बारीक आवाजासाठी असतं, फोनचा आवाज पूर्ण दिला तर तो फाटतो. फोनचा आवाज पाव-अर्ध्यावर ठेवून सुरुवात करा, नंतर ॲम्प्लिफायरवर वाढवा.

८. स्लाइडमध्ये ऑडिओ

पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्यांत एमपीथ्री, एमफोरए, वेव्ह तिन्ही बसतात. क्लिप टाकताना ती सादरीकरणाच्या आत बसवा, ‘लिंक’ करू नका. लिंक केलेली क्लिप तुमच्या लॅपटॉपवर वाजते, आणि वर्गातल्या लॅपटॉपवर स्लाइड गेली की मुकी होते, कारण फाइल मागे राहिलेली असते. २००७ ची आवृत्ती फक्त वेव्हच आत घेते, बाकी सगळं लिंक करते. काही कार्यालयांत अजून तीच असते, म्हणून क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये सोबत न्याच.

९. घरी ऐकण्यासाठी व्हॉट्सॲप

वर्गानंतर महिला क्लिप मागतात. व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. फाइल जशी आहे तशी जाते आणि नावही टिकतं. पाच क्लिपा असतील तर क्रम नावावरूनच कळतो. माइक दाबून बोललेला निरोप सूचनेसाठी उत्तम, पण महिन्याभरानं शेकडो निरोपांत तो सापडत नाही, कारण त्याला ओळखू येईल असं नाव नसतं.

उलट बाजूनं, एखादीनं पाठवलेला बोलका निरोप तुम्हाला वर्गात वाजवायचा असेल तर तो ओपस आहे हे विसरू नका. तिची परवानगी घ्या, फाइल लॅपटॉपवर आणा, व्हीएलसीनं वेव्ह करा, ऑडॅसिटीत आवाज सारखा करून मग एमपीथ्री काढा.

कीपॅड फोन असलेल्यांना मेमरी कार्डवर एमपीथ्री टाकून द्या. गटात अशा दोघी-तिघी असतातच, आणि बहुतेक वेळा ज्यांना सगळ्यात जास्त गरज असते त्या त्याच असतात.

१०. आदल्या दिवशी आणि वर्गाच्या वेळी

आदल्या दिवशी त्याच स्पीकरवर, त्याच पेनड्राइव्हनं सगळ्या क्लिपा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवा. लॅपटॉपवर वाजली म्हणजे झालं, असं धरू नका. स्पीकर तिथला असेल तर तासभर आधी पोहोचा. पिशवीत दुसरा पेनड्राइव्ह, फोनमध्ये त्याच फाइली, ऑक्स केबल आणि छापील संवाद.

स्पीकर टेबलावर, बसलेल्या महिलांच्या डोक्याच्या वर येईल असा ठेवा. सगळे जमले की कुठल्याही क्लिपेच्या आधी एक चाचणी घ्या. मी त्यासाठी दहा सेकंदांची वेगळी फाइल केली आहे, पेनड्राइव्हवर तीच पहिली असते. तिच्यात एवढंच आहे: ‘सात. साठ. सत्तर. एकोणसाठ. एकोणसत्तर.’ सगळ्यात मागे बसलेल्या ताईंना ते आकडे लिहायला सांगते आणि स्वतः जाऊन वही बघते. पाचही बरोबर आले की वर्ग सुरू. एखादा चुकला तर आधी स्पीकर मागच्या रांगेच्या जवळ सरकवते, खिडकीबाहेरची मोटार बंद करायला सांगते, आणि तरीही जमलं नाही तर तो संवाद स्वतः उभं राहून वाचते.

वर्ग संपल्यावर कुठला शब्द कुणाला कळला नाही ते विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. घरी मूळ वेव्ह उघडा, तेवढंच वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून बसवा, नवी एमपीथ्री काढा आणि पेनड्राइव्ह पुसून पुन्हा पहिल्या फाइलीपासून भरा. माझ्या सचिवबाईंचं वाक्य आता असं आहे: ‘आज सात जणी आल्या. प्रत्येकीनं साठ रुपये भरले, सहावर शून्य, साठ.’